फॉरमॅट करण्यापूर्वी निदान

मृग नक्षत्र लागले की आमच्याकडे दोन प्रकारचे दूरध्वनी वाढतात. विदर्भ-मराठवाड्यातून येतात, तसेच राज्याच्या सीमेपलीकडील बऱ्हाणपूर, आदिलाबाद, बिदर या भागांतील मराठी जाणणाऱ्या शेतकऱ्यांकडून आणि विस्तार कार्यकर्त्यांकडूनही येतात. पहिला प्रश्न असतो, "पान पिवळे पडले आहे, काय फवारू?" दुसरा असतो, "सर, संगणक सुरूच होत नाही, अहवाल कसा पाठवू?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे माझे नेमून दिलेले काम आहे. दुसरा प्रश्न माझ्या विषयात बसत नाही. तरीही या दोन्ही प्रश्नांमागची चूक एकच असते, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के होत गेले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी एका केंद्रातील प्रसंग नोंदवतो.

त्या केंद्रात प्रकाश सापळे आणि कामगंध सापळे यांत रोज सापडणाऱ्या पतंगांची मोजणी सात खरीप हंगाम सातत्याने झाली होती. सगळी आकडेवारी एकाच संगणकावर, डेस्कटॉपवरील एका फोल्डरमध्ये होती. जूनमधील एका सकाळी संगणकाने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इतकेच कळवले की, सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही. बोलावलेल्या तंत्रज्ञाने दहा मिनिटांत निर्णय दिला, "विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल." त्याच दिवशी अहवाल पाठवायचा होता, म्हणून कोणीही हरकत घेतली नाही. संध्याकाळी संगणक नव्यासारखा सुरू झाला. फोल्डर मात्र गेला होता.

आठ दिवसांनी तोच काळा पडदा आणि तोच संदेश पुन्हा आला. या वेळी कॅबिनेट उघडले गेले. हार्ड डिस्कला जोडणाऱ्या केबलचे टोक तडकून सैल झाले होते. शंभर-दीडशे रुपयांची केबल बदलताच संगणक सुरळीत चालू लागला. विंडोज कधी उडालेलीच नव्हती. दरम्यान डिस्कवर नवी प्रणाली आणि नवी माहिती लिहिली गेल्याने जुन्या नोंदींपैकी फारसे काही परत मिळाले नाही. केबल पुन्हा विकत घेता येते. गेलेला खरीप पुन्हा मोजता येत नाही.

लक्षण एक, कारणे अनेक

सोयाबीनचे पान पिवळे पडते तेव्हा त्यामागे चुनखडीयुक्त जमिनीतील लोहाची कमतरता असू शकते, पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक विषाणू असू शकतो किंवा शेतात साचलेले पाणीही असू शकते. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले दिसतात. हा फरक पाहण्यास दोन मिनिटे लागतात. तो न पाहता केलेली फवारणी पैसा घालवते, मित्रकीटक मारते आणि मूळ कारण तसेच ठेवते. ही गोष्ट आपण शेतकरी मेळाव्यांतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. मग कार्यालयात परतल्यावर बंद पडलेल्या संगणकापुढे आपण स्वतः ती का विसरतो?

संगणक सुरू न होणे हेही केवळ लक्षण आहे. बटण दाबल्यापासून कामाचा पडदा येईपर्यंत संगणक ठरावीक क्रमाने काही टप्पे ओलांडतो. कीटकाच्या जीवनचक्रात अंडी, अळी, कोष आणि पतंग यांपैकी कोणती अवस्था शेतात आहे हे ओळखल्याशिवाय आपण उपाय सुचवत नाही. संगणकाच्या बाबतीतही तो कोणत्या टप्प्यावर अडला आहे, हाच पहिला प्रश्न असावा. हे टप्पे ढोबळमानाने चार आहेत.

पहिला टप्पा : दिवा नाही, पंखा नाही

बटण दाबूनही काहीच हालचाल होत नसेल, तर विचार विजेपासून सुरू करावा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का, ते पाहावे. यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा. बॅटरी खराब झालेला यूपीएस हे आपल्या कार्यालयांतील फार जुने दुखणे आहे. कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल घट्ट बसवावी, तेथील लहान स्विच चालू आहे का, ते पाहावे. काही जुन्या संगणकांवर ११५ आणि २३० असे व्होल्टेज निवडण्याचे लाल बटण असते; आपल्याकडे ते २३० वरच असले पाहिजे, त्याला हात लावू नये.

यानंतर वीजपुरवठ्याची केबल काढून मुख्य बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, केबल पुन्हा लावावी आणि संगणक सुरू करून पाहावा. आत साठून राहिलेला विद्युतभार निघून गेल्याने काही वेळा एवढ्यावरच काम भागते. न भागल्यास संशय एसएमपीएसवर जातो. हा भाग २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. त्याचे व्होल्टेज स्थिर झाल्याचा संकेत मिळाल्यानंतरच मदरबोर्ड पुढचे काम सुरू करतो. एसएमपीएस बदलणे तंत्रज्ञाचे काम आहे. तो कोणीही उघडू नये, कारण वीज बंद केल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो.

या टप्प्यावरील बिघाडाचा विंडोजशी काही संबंध नाही. येथे फॉरमॅटचा विषय कोणी काढलाच, तर निदान झालेले नाही, असे निःशंकपणे समजावे.

दुसरा टप्पा : पंखा फिरतो, पडदा कोरा

प्रथम मॉनिटरचा स्वतःचा दिवा, त्याची पॉवर केबल आणि चित्राची केबल तपासावी. मागे केबलसाठी दोन जागा असतील, तर ती योग्य जागी आहे का, ते पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या जागी लावल्यामुळे कोरा राहिलेला पडदा मी पाहिला आहे. कळफलकावरील नम लॉकचा दिवा कळ दाबल्यावर चालू-बंद होत असेल, तर संगणक जिवंत असून दोष पडद्याच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते.

सुरू होताना संगणक स्वतःची प्राथमिक तपासणी करतो आणि मेमरी किंवा चित्र दाखवणाऱ्या भागात दोष आढळला, तर काही संगणक ठरावीक पद्धतीने बीप वाजवतात. ते किती वेळा वाजले, लांब होते की आखूड, हे लिहून घ्यावे. त्यांचा अर्थ उत्पादकानुसार बदलतो, म्हणून अंदाज बांधू नये. तंत्रज्ञाला मात्र ही नोंद फार उपयोगी पडते.

पावसाळ्यात, विशेषतः संगणक काही दिवस बंद राहिल्यानंतर, रॅमच्या संपर्कपट्टीवर दमटपणामुळे थर जमतो. वीजपुरवठ्याची केबल पूर्णपणे काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत घालवावी. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी स्वच्छ, मऊ खोडरबराने हलकेच पुसावी, रबराचा चुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत रॅम दाबून बसवावी. दोन रॅम असतील, तर एका वेळी एकच लावून पाहावी. कोरा पडदा घेऊन आलेले कितीतरी संगणक या पाच मिनिटांच्या कामाने सुरू होतात.

तिसरा टप्पा : कंपनीचे चिन्ह दिसते, पुढे काही नाही

येथे संगणक जागा झालेला असतो, पण विंडोज ज्या डिस्कवर आहे ती त्याला सापडत नाही. लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह आधी काढावा. संगणक त्यावरच विंडोज शोधत बसलेला असू शकतो. त्यानंतर बायोसच्या पडद्यावर जाऊन हार्ड डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. नाव दिसत नसेल, तर केबल काढून पुन्हा बसवावी, जमल्यास बदलावी. वर सांगितलेल्या केंद्रात एवढे झाले असते, तर सात हंगाम वाचले असते.

त्याच पडद्यावर दिनांक आणि वेळही पाहावी. ती काही वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी, सीआर २०३२ क्रमांकाची ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. ही बॅटरी संपल्यावर बायोसमधील जुळणी मूळ स्थितीला जाते आणि डिस्क वाचण्याची पद्धत बदलल्यामुळे सुस्थितीतील विंडोजही सुरू होईनाशी होते. दिनांक चुकीचा असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. कीड सर्वेक्षणाच्या दृष्टीने याहून मोठा धोका असा की, चुकीच्या दिनांकाने नोंदी साठत राहतात. पतंगांची संख्या बरोबर आणि तारीख चुकलेली असेल, तर ती नोंद प्रादुर्भावाचा काळ ठरवण्यास निरुपयोगी ठरते.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर संगणक त्वरित बंद करावा. तो पुनःपुन्हा सुरू करून पाहण्याने उरलेली माहितीही जाण्याचा धोका असतो. अशा वेळी माहिती महत्त्वाची असेल, तर डिस्क माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी.

चौथा टप्पा : विंडोज सुरू होते, पण पोहोचत नाही

निळा पडदा येतो, चक्र फिरत राहते किंवा संगणक मध्येच पुन्हा सुरू होतो. निळ्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. त्यावरील संकेतच निदानाचा धागा असतो. सुरुवात लागोपाठ दोन-तीन वेळा फसली की विंडोज १० आणि ११ दुरुस्तीचे पर्याय आपोआप दाखवतात. त्यांतून सेफ मोडमध्ये जाता येते, अलीकडे आलेले अद्यतन काढता येते किंवा नुकत्याच जोडलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर हटवता येतो. "कालपर्यंत चालत होता, काल आणि आज यांच्यात काय बदलले?" हा प्रश्न येथे सर्वांत मोलाचा आहे. काही मिनिटे चालून संगणक बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरील पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत साठलेली धूळ पाहावी.

याच पर्यायांत रीसेट असतो आणि त्यात फाइल ठेवाव्यात की सर्व काही काढून टाकावे, असे विचारले जाते. घाईत दुसरा पर्याय निवडू नये. "माहिती डेस्कटॉपवर आहे, सी ड्राइव्हवर नाही," असे अनेक सहकारी विश्वासाने सांगतात. सामान्यतः डेस्कटॉपवरील फाइलही सी ड्राइव्हवरच असते आणि फॉरमॅटमध्ये प्रथम तीच जाते.

एका वेळी एकच बदल

प्रक्षेत्रावर चाचणी घेताना आपण एका वाफ्यात एकच घटक बदलतो आणि शेजारी तुलनेसाठी वाफा राखतो. वाण, खत आणि कीटकनाशक एकाच वेळी बदलले, तर उत्पादन कशामुळे वाढले हे सांगता येत नाही. संगणकाची रॅम, केबल आणि बॅटरी एकदम बदलली, तर तो सुरू होईल कदाचित, परंतु दोष कोणाचा होता हे कळणार नाही आणि तो परत आल्यावर आपण पुन्हा अंधारात असू. एक बदल, एक निरीक्षण, एक नोंद हा क्रम येथेही सोडू नये.

नोंदीचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण आम्हा कीटकशास्त्रज्ञांच्या जिव्हाळ्याचे आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क २ या संगणकाच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग चालकांना सापडला. यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीही होती. येथे खराखुरा कीटकच निघाला. चालकांनी तो पतंग नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीने लावला आणि बग प्रत्यक्ष सापडल्याची नोंद केली. ती नोंदवही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपलेली आहे. यंत्र कशाने अडले, कोठे अडले आणि केव्हा अडले, हे त्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. आपल्या किती कार्यालयांत संगणकाच्या दुरुस्तीची अशी साधी वही आहे?

कीटकांचा विषय निघालाच आहे, तर एक सूचना. उबदार कॅबिनेटमध्ये झुरळे आणि मुंग्या आजही आश्रय घेतात, पालही शिरते. त्यासाठी कॅबिनेटमध्ये घरगुती कीटकनाशकाचा फवारा कदापि मारू नये. त्यातील ज्वालाग्राही घटक आणि मागे राहणारा तेलकट थर हे कीटकांहून अधिक घातक आहेत. मागील रिकाम्या फटी पट्टीने बंद कराव्यात, टेबलावर खाणे टाळावे आणि सहा महिन्यांतून एकदा वीज काढून, पंख्याची पाती हाताने रोखून, ब्लोअरने धूळ काढावी. एकात्मिक व्यवस्थापनाचे तत्त्व येथेही तेच आहे. प्रवेश आणि अन्न बंद केले की फवारणीची वेळ येत नाही.

हे आपले काम आहे का?

काही सहकारी म्हणतील की, आम्ही कृषी पदवीधर; हे तंत्रज्ञाने पाहावे. दुरुस्ती तंत्रज्ञानेच करावी, हे मलाही मान्य आहे. जळका वास, विजेचा झटका, फुगलेले कपॅसिटर किंवा डिस्कचा आवाज आढळल्यास आपण हात मागे घ्यावा. परंतु लक्षण पाहणे आणि ते नेमक्या शब्दांत सांगणे हे ज्याचे यंत्र आहे, त्याचे काम आहे. शेतकरी कीटकशास्त्रज्ञ नसतो, तरीही पानामागच्या पांढऱ्या माश्या मोजून आर्थिक नुकसानीची पातळी गाठली की नाही, हे त्याने ठरवावे, अशी आपण अपेक्षा करतो. मग चार टप्प्यांपैकी संगणक कोठे अडला, एवढे आपल्याला सांगता येऊ नये?

दुसरा आक्षेप असा की, आता सगळ्या नोंदी मोबाइलवरून थेट सर्व्हरवर जातात. महाराष्ट्रातील क्रॉपसॅप आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली यांमुळे हे बऱ्याच अंशी खरे आहे. तथापि जुन्या हंगामांच्या नोंदी, प्रक्षेत्र चाचण्यांची मूळ आकडेवारी, किडींची छायाचित्रे आणि प्रशिक्षणार्थींच्या याद्या आजही त्याच जुन्या संगणकांवर आहेत. शिवाय विंडोज १० साठीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे येत्या काळात संगणक बदलणे, नवी प्रणाली बसवणे आणि डिस्क पुसणे हे सर्व प्रकार वाढणार आहेत. नोंदी गमावण्याचा धोका आजच अधिक आहे.

फॉरमॅट हा उपाय सरसकट वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. व्हायरसने पोखरलेल्या किंवा दुरुस्तीपलीकडे गेलेल्या प्रणालीसाठी तो योग्य असतो. कीटकनाशकही योग्य वेळी योग्यच असते. आक्षेप आहे तो पहिला उपाय म्हणून त्याकडे वळण्यास. विंडोज सुरू होत नसली, तरी डिस्क सुस्थितीत असल्यास पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून किंवा ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइल काढून घेता येतात. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर मात्र तिची पुनर्प्राप्ती किल्ली लागते. ती आधीच लिहून, संगणकापासून वेगळी जपून ठेवावी.

म्हणून प्रत्येक केंद्राने तीन नियम स्वीकारावेत, असे मी आग्रहाने सुचवतो. पहिला, प्रत्येक संगणकाची एक वही असावी आणि तीत बिघाडाची तारीख, टप्पा, पडद्यावरील संदेश आणि केलेला बदल लिहिला जावा. दुसरा, नोंदी ज्याच्या जबाबदारीवर आहेत, त्याने प्रत काढल्याची खात्री करून लेखी संमती दिल्याशिवाय कोणतीही डिस्क फॉरमॅट होऊ नये. वार्षिक देखभालीच्या करारातच हे कलम असावे. तिसरा, दर आठवड्याला नोंदींच्या दोन प्रती निघाव्यात आणि त्यांपैकी एक त्या इमारतीबाहेर असावी. यासाठी लागणारा खर्च एका बाह्य डिस्कचा आणि वेळ अर्ध्या तासाचा आहे.

त्या केंद्रातील सात हंगामांपैकी पहिले तीन हंगाम नंतर परत मिळाले. तेथील एक ज्येष्ठ क्षेत्र सहायक रोज सकाळी सापळ्यातील पतंग मोजून कागदी वहीत लिहीत असत आणि त्या वह्या त्यांनी निवृत्तीनंतरही कपाटात जपून ठेवल्या होत्या. पुढचे चार हंगाम थेट संगणकावर लिहिले गेले होते. त्यांचा आता कोठेही मागमूस नाही. हा लेख वाचून झाल्यावर आपल्या कार्यालयातील संगणक सुरू करावा आणि तो सुरळीत सुरू झाला, तर आजच नोंदींची प्रत काढून ठेवावी. उद्या तो सुरू होईलच, असे कोणी सांगू शकत नाही.